पत्रुभाऊ आणि बाळंतिणींचं पाणी

पत्रुभाऊंशी बोलायचं म्हणजे आधी थांबावं लागे. "काच पाहू द्या बाई, मंग बोलतो," हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. काच म्हणजे बॉयलरच्या अंगाला उभी बसवलेली वीतभर काचेची नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पत्रुभाऊ तिच्यासमोर किंचित वाकत, मफलरचं टोक मागे टाकत, डोळे बारीक करून पाहत आणि मगच माणसाकडे वळत. दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले तरी तेच आणि चहावाला आला तरी तेच. एकदा त्यांच्या सावली या गावाहून मुलाचा फोन आला, नातू झाला म्हणून. तो फोन घेऊन मी स्वतः धावत बॉयलरच्या खोलीत गेले. "भाऊ, नातू झाला!" तर म्हणाले, "थांबा, काच पाहू द्या." पाहिली. मग फोन कानाला लावला आणि ढसाढसा रडले. मला त्या माणसाचा रागही आला आणि हसूही आलं.

आमचा दवाखाना गडचिरोलीच्या पुढे, जंगलाला अगदी लागून. मी तिथे बाळंतपणाच्या वॉर्डची मुख्य सिस्टर होते. माझं गाव ब्रह्मपुरी, शिक्षण नागपूरला, आणि स्वभाव तापट. वॉर्डातल्या पोरी माझ्या मागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं. पत्रुभाऊ मात्र तोंडावर म्हणत, "ह्या दवाखान्यात तापट दोघीच. एक तुम्ही, एक हे बॉयलर. पण बॉयलरले सेफ्टी वॉल आहे." म्हणजे वाफ फार चढली की ती आपोआप बाहेर सोडणारी झडप.

कोणा देणगीदाराने दिलेला तो बॉयलर. कपडे धुण्याच्या खोलीला आणि ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राला त्याची वाफ लागे. पत्रुभाऊ त्याला 'सासू' म्हणत. "सासू आज गुरगुरून राह्यली," म्हणजे लाकूड ओलं आलंय. "सासू खूश आहे," म्हणजे दुपारी डबा वेळेवर खाता येईल. डबा ते बॉयलरच्या डोक्यावर ठेवून गरम करत. भात, वरण आणि जवसाची चटणी, बारा महिने. मफलरही बारा महिने. मे महिन्यात चंद्रपूरकडचं ऊन माणसाला भाजून काढतं, त्यात भट्टीसमोर उभा असलेला हा माणूस गळ्याला मफलर गुंडाळलेला. मी विचारलं तर म्हणाले, "घाम पुसाले लागते ना." रुमाल का नाही, हे विचारायचं मी सोडून दिलं.

दवाखान्यात यायच्या आधी वीस वर्षं ते सावलीकडच्या एका भातगिरणीत बॉयलरवर होते. उसना, म्हणजे धान आधी उकडून केलेला तांदूळ काढणारी गिरणी. वडील शेतमजूर, घरात शिकलेले हेच पहिले, दहावीपर्यंत. बॉयलर चालवायच्या परवान्याची परीक्षा त्यांनी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा काढली होती. त्या परवान्याला प्लास्टिकचं कव्हर घालून तो त्यांनी भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी टांगला होता. ड्युटीवर आले की आधी तसबिरीला जयभीम, मग काचेवर नजर, मग आम्ही.

आता मी ज्यासाठी त्यांची जन्माची ऋणी आहे ते सांगते.

आमच्या भागात बाळंतीण दुसऱ्या दिवसापासून कढत पाण्याने आंघोळ करते. निरगुडीचा पाला टाकलेलं पाणी. सासू किंवा आई तिला बसवून, पाठीवर, कमरेवर, पोटावर तांब्याने सावकाश ओतत राहते. त्यावाचून बाईचं अंग भरून येत नाही, असं सगळ्याच मानतात. जंगलातल्या गावांतल्या गोंड बाया तर अगदी निक्षून. आमच्या वॉर्डात नळाला पाणी होतं, पण थंडगार. म्हणून घरचे लोक येतानाच अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं आणि लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन येत आणि वॉर्डामागे तीन दगड मांडून पाणी तापवत. एका उन्हाळ्यात तिथल्या ठिणगीने मागचं गवत पेटलं आणि व्यवस्थापकांनी आवारात चूल पेटवायला बंदी केली. बंदी बरोबरच होती. पण त्या हिवाळ्यात बाया दुसऱ्या दिवशीच उठून जाऊ लागल्या. मी समजावलं, रागावले, एकदोघींच्या नवऱ्यांना तर हात जोडले. "पाणी नाई इथी," एवढंच उत्तर.

त्यातली एक, एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण, दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बाळ कमी वजनाचं होतं. सहाव्या दिवशी जीपमधून परत आली तेव्हा बाळ गार पडलेलं होतं आणि आम्हाला ते वाचवता आलं नाही. मी वॉर्डाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. समोर बॉयलरची खोली. पत्रुभाऊ बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाले, "बाई, माझ्याजवळ एवढी वाफ आहे. अन् बाया पाण्यासाठी पळून राह्यल्या?"

चार दिवसांत त्यांनी वॉर्डाच्या न्हाणीघराबाहेर एक टाकी बसवली, बॉयलरवरून वाफेची नळी आणली आणि ती सरळ टाकीतल्या पाण्यात बुडवली. वाफ सोडली की टाकी ठणठण वाजायला लागे आणि दहा मिनिटांत पाणी कढत. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. पत्रुभाऊ तर छाती काढून उभे होते.

पहिली बादली भरली ती एका गोंड बाळंतिणीसाठी. तिची सासू म्हातारी, हातावर गोंदण. तिने बादलीत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि सुनेला गोंडीत काहीतरी बोलली. मला त्यातला 'एर' म्हणजे पाणी, एवढाच शब्द कळला. मग तिने बादली उचलली आणि मोरीत ओतून दिली. माझा पारा चढला. एवढी खटपट करून आणलेलं पाणी! मी तोंड उघडणार तेवढ्यात पत्रुभाऊंनी बाहेरूनच विचारलं, "आजी काय म्हणते, बाई?"

"वास येतो म्हणत असेल," मी म्हटलं. "नखरे!"

त्यांनी बाहेर टाकीच्या नळाखाली ओंजळ धरली, वास घेतला, एक घोट तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. तोंडावरचा रंगच उतरला. बॉयलरला आतून क्षारांचा थर धरू नये म्हणून त्याच्या पाण्यात औषध टाकलेलं असतं. वाफेबरोबर त्याचा अंश येतो, गंजही येतो. गिरणीत उसना करायला धान भिजत घालतात त्या हौदात वाफ अशीच सरळ सोडतात. वीस वर्षं हाताला तीच सवय. धानाला काही होत नाही, ते पुढे वाळतं, कांडलं जातं, त्याचं तूस निघून जातं. इथे तर ओली बाळंतीण आणि काल जन्मलेलं बाळ.

"आजी बरोबर बोलून राह्यली," ते म्हणाले. "मी बाळंतिणीले धान समजलो, बाई."

मी इतक्या वर्षांत पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. आपली चूक एवढ्या लगेच आणि इतक्या लोकांसमोर कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतः तर नाहीच. त्यांनी त्या दुपारीच नळी कापून काढली. टाकी आतून तीनदा घासली. आणि त्या म्हातारीकडे जाऊन, दोन पावलं लांब उभं राहून म्हणाले, "आजी, चुकलं. मले आठ दिवस दे. सुनेले नेऊ नको." म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं आणि सुनेच्या खाटेशी जाऊन बसली. त्या आठ दिवसांसाठी पत्रुभाऊंनी स्टोव्ह पेटवायची परवानगी व्यवस्थापकांकडून भांडून मिळवली आणि स्वतः बॉयलरच्या खोलीत पाणी तापवून बादल्या न्हाणीघराच्या दाराशी आणून ठेवल्या. म्हातारी राहिली.

त्या आठ दिवसांत त्यांनी जे केलं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. वाफेने नव्हे, बॉयलरच्या गरम पाण्याने पाणी तापवायचं, पण एक थेंबही एकमेकांत मिसळू द्यायचा नाही. टाकीच्या आत तांब्याच्या नळीचं वेटोळं. वेटोळ्यातून बॉयलरचं पाणी फिरणार, बाहेरून आंघोळीचं पाणी तापणार. "दोघांची भेट होते, पण हात नाई लागत," असं ते मला समजावत.

तांब्याची लांब नळी त्यांनी गडचांदूरहून आणली. ती वळवताना मध्येच चेपू नये म्हणून वैनगंगेची वाळू तव्यावर कोरडी भाजून नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडाच्या बुचांनी बंद केली आणि अंगणातल्या एका सागाच्या गोल खांबाभोवती ती अशी सावकाश गुंडाळली, जणू बाळाला कापडात बांधतायत. कुठेही सुरकुती नाही. मग वाळू काढायला दोन दिवस लागले, ठोकून ठोकून. टाकीला बाहेरून दुसरं पत्र्याचं कवच घातलं आणि मधल्या जागेत धानाचं तूस ठासून भरलं, उष्णता आत राहावी म्हणून. "गिरणीचं काही तर कामात आलं," म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

मग आली ती कमान. टाकीतून बॉयलरकडे परत येणारी नळी सरळ तळाला जोडायची सोडून त्यांनी आधी वर नेली, बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली वळवली आणि मग खाली तळाला आणून जोडली. कमानीच्या माथ्याला वाफेच्या बाजूने एक बारीक नळीही जोडली, म्हणजे बॉयलरमधलं पाणी कमानीवरून ओढलं जाणार नाही. बॉयलरमधून गरम पाणी बाहेर काढणारी नळीसुद्धा तळातून नव्हे, अशा उंचीवर काढली की आतल्या आगीच्या नळ्यांवर पाणी कायम राहावं. सगळ्यांनी त्या कमानीला 'उंट' नाव ठेवलं. दवाखान्याचा नळवाला म्हणाला, "एवढी नळी कशाले वाया घालवता? सरळ जोडा ना."

पत्रुभाऊ म्हणाले, "सरळ जोडली अन् कुठी फुटली, तर सासूचं सारं पाणी बाहेर. खाली आग चालू. मंग सासू कुठी अन् आपण कुठी. उंट असला तर त्याच्या माथ्यापर्यंतचं पाणी आतच राह्यते." गिरणीत असताना एकदा तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या सोबत्याचे दोन्ही हात भाजले होते. 

बॉयलरला नवीन जोड करायचा तर तपासणाऱ्या साहेबांची परवानगी लागते, आणि साहेबांना नकाशा लागतो. पत्रुभाऊंनी कोळशाने फरशीवर नकाशा काढला. मी लसीकरणाच्या एका जुन्या पोस्टरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो पेनाने उतरवून घेतला. साहेब आले, बराच वेळ पोस्टर पाहत राहिले, मग ती कमान हाताने चाचपली. "ही कोणी सांगितली?"

"सासूनं," पत्रुभाऊ म्हणाले. साहेबांना काही कळलं नाही, मला हसू दाबता येईना. पण त्यांनी सही केली, आणि जाताना कमानीवर हात ठेवून म्हणाले, "हे मात्र ठेवा."

पाणी सुरू झालं त्या सकाळी त्याच म्हातारीने पुन्हा बोट घातलं, वास घेतला.  तिने बाहेरच्या पत्रुभाऊंच्या दिशेने मान हलवली आणि तांब्या भरला. त्या दिवसापासून रोज सकाळी पत्रुभाऊ न्हाणीघराच्या भिंतीबाहेर उभे राहून विचारत, "बाई, पाणी कसं येऊन राह्यलं?" पुरुष माणूस, आत कधी आले नाहीत. मी सांगायची ते ऐकून जात. हिवाळा संपेपर्यंत बाया तीन तीन दिवस राहायला लागल्या. येताना मोळ्या आणायचंही हळूहळू बंद झालं.

उंटाचा उपयोग दुसऱ्या वर्षी कळला. धम्मचक्र दिनासाठी पत्रुभाऊ नागपूरला गेले होते आणि बॉयलरवर धुलाईच्या खोलीतला एक माणूस बदलीवर होता. दुपारी दोनच्या सुमाराला परतीच्या नळीचा सांधा फुटला. खोलीभर कढत पाणी, मग फुसफुसत वाफ, आणि तो माणूस ओरडत आवाराबाहेर. मी धावत गेले.  दारातूनच काच पाहिली. पाणी खाली आलं होतं, पण पत्रुभाऊंनी उंटाच्या माथ्याच्या उंचीला काचेशेजारी मारलेल्या लाल रेघेवर येऊन थांबलं होतं. त्याच्या खाली उतरत नव्हतं. "लाल रेघेवर पाणी दिसलं तर भिऊ नका, आग ओढा," हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. मी त्या माणसाला हाका मारून, शिव्या घालून परत आणला आणि माझ्या देखत त्याने भट्टीतली आग ओढून बाहेर काढली. वॉर्डात त्या वेळी अकरा बाया होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रुभाऊ आले, सांधा पाहिला, काच पाहिली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हालेबी सेफ्टी वॉल बसवलं काय कोणी? लय वाफ सोडली म्हणे." मी त्या माणसाला घातलेल्या शिव्या नागपूरपर्यंत पोचल्या होत्या.

ते निवृत्त होऊन सावलीला गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. मग दवाखान्याला छतावर सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या नळ्या मिळाल्या, निर्जंतुक करायचं यंत्र विजेचं आलं, आणि म्हाताऱ्या बॉयलरला रजा द्यायचं ठरलं. तो सुरक्षितपणे थंड करणारा आसपास दुसरा कोणी नव्हता, म्हणून पत्रुभाऊंना बोलावलं. ते सकाळच्या बसने आले. थोडे वाळले होते, मफलर तोच.

आठ वाजता लोखंड कापणारे लोक ट्रक घेऊन दारात. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी जोडायचं होतं. त्याआधी जुन्या नळ्या कापायच्या होत्या. व्यवस्थापक घाई करत होते. पत्रुभाऊंनी मला विचारलं, "बाई, किती जणींची आंघोळ बाकी आहे?"

"तिघींची."

ते व्यवस्थापकांकडे वळले. "साहेब, तिघी बाकी आहेत. मंग आग काढतो."

"अहो, एक दिवस नाही झाली आंघोळ तर काय बिघडतं? दुपारी नवीन पाणी येतंच आहे."

"तुमच्या घरची बाई असती तर मले हे सांगितलं नसतं," पत्रुभाऊ अगदी शांतपणे म्हणाले आणि भट्टीत दोन लाकडं घातली.  ट्रकवाल्यांनी चहा मागवला.

पहिल्या दोघी लवकर आटोपल्या. तिसरी पहिलटकरीण होती, दूरच्या जंगलातल्या गावची. तिची आई तिला न्हाऊ घालत होती. त्या आईला ट्रक, व्यवस्थापक, घाई, कशाची पर्वा नव्हती. भिंतीपलीकडून तांब्याचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. पत्रुभाऊ भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, डोळे मिटून, आणि मधूनच माझ्याकडे पाहून मान हलवत होते. तेवढ्यात त्यांना काय सुचलं कोण जाणे, उठून छतावर जाऊन नवीन टाकी पाहून आले. "चांगली आहे," म्हणाले. "आत वेटोळं आहे. सरळ नाई सोडली." त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

अर्ध्या तासाने आतून आवाज थांबला. ती आई रिकामी बादली घेऊन बाहेर आली. "झालं," ती म्हणाली.

पत्रुभाऊंनी आग ओढली. एकेक वॉल बंद केला, प्रत्येकावर हात ठेवून थोडा वेळ थांबून. ट्रकवाल्यांना सांगितलं, "न्हाणीच्या नळ्या कापा, पण सासूले आज हात नाई लावायचा. उद्या या. गरम आहे." आणि पिशवी उचलली.

मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं ते त्या दिवशी म्हटलं. "भाऊ, तुमच्या पाण्यामुळे बाया थांबल्या. किती जणी आपलं लेकरू जिवंत घेऊन घरी गेल्या, त्यांनाही माहीत नाही कोणामुळे." 

"थांबल्या ना, बाई?"

"थांबल्या."

"मंग झालं."

ते पायऱ्या उतरले. वॉर्डासमोर ती तिसरी बाळंतीण उन्हात खाटेवर बसली होती, ओले केस पाठीवर मोकळे, बाळ मांडीवर झोपलेलं. दारापासून फाटकापर्यंत खडी टाकलेली वाट आहे, तिच्यावर चपला करकर वाजतात. पत्रुभाऊ वाटेच्या तोंडाशी थांबले, चपला काढून हातात घेतल्या आणि बाजूच्या गवतातून अनवाणी फाटकाकडे गेले. बाळ जागं झालं नाही. त्या पोरीने मान वर करूनही पाहिलं नाही.